राजर्षी शाहू महाराज : उद्योग आणि राजाश्रय

कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव यांचा जन्म २६ जून १८७४ रोजी झाला. १८८४ मध्ये ते दत्तक जाऊन शाहू छत्रपती झाले आणि १८९४ मध्ये त्यांनी करवीर संस्थानाचा कारभार हाती घेतला. पिकणाऱ्या मालाला जवळ बाजार असावा, या हेतूने त्यांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली. पुढे ती गुळाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध झाली. १९०२ मध्ये संस्थानाच्या नोकऱ्यांतील ५० टक्के रिक्त जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा आदेश त्यांनी काढला. १९०६ मध्ये कापड गिरणीची पायाभरणी झाली. शेतीला पाणी मिळावे म्हणून भोगावती नदीवर राधानगरी धरणाचे कामही त्यांनी हाती घेतले.

मात्र भांडवल मिळाले, तरी जातिभेदामुळे गिऱ्हाईक मिळेलच असे नव्हते. अस्पृश्य मानलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या साहाय्याने चहाचे दुकान काढले; परंतु सवर्ण तेथे येईनात. तेव्हा महाराज स्वतः त्या दुकानापुढे गाडी थांबवून सर्वांदेखत चहा घेऊ लागले. ६ मे १९२२ रोजी महाराजांचे निधन झाले. बाजारपेठ उभारणे आणि त्या बाजारपेठेत सर्वांना प्रवेश मिळवून देणे, ही दोन्ही राज्यकर्त्याची कर्तव्ये आहेत, हे त्यांच्या कारभारातून स्पष्ट होते.