शब्दांना सेवेची साथ : रमाबाई रानडे

सभेत उभे राहून चार शब्द बोलायची वेळ आली की आपल्यापैकी अनेकांचा घसा कोरडा पडतो. हे काम दुसऱ्या कुणीतरी करावे, असे आपल्याला मनापासून वाटते. बोलण्याचे धैर्य कोठून येते, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला पुण्याच्या रमाबाई रानडे यांच्या जीवनाची आठवण होते.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे कुर्लेकर घराण्यात झाला. १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. त्या वेळी त्यांना अक्षरओळखही नव्हती. मुलीने लिहिणे-वाचणे शिकणे हे अनेक घरांत तेव्हा अशुभ मानले जाई. परंतु रानडे यांनी पत्नीला स्वतः शिकविण्यास प्रारंभ केला. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना हे मुळीच रुचले नाही. दिवसभर घरकाम, रात्री धडे आणि सकाळी पुन्हा टोमणे, असा रमाबाईंचा क्रम सुरू झाला.

पुढे नाशिक येथे हायस्कूलच्या समारंभात त्या प्रमुख पाहुण्या म्हणून लोकांसमोर आल्या. त्यांचे ते पहिले भाषण रानडे यांनी लिहून दिले होते. शब्द दुसऱ्याचे असले तरी उभे राहण्याचे धैर्य त्यांचे स्वतःचे होते.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. एक स्त्री विद्वानांच्या सभेत निर्भयपणे बोलते, हे पुणेकरांना नवे होते. रमाबाई रानडे या समाजाच्या सभांना जाऊ लागल्या. त्यामुळे घरातील रोष अधिकच वाढला.

१८८४ साली पुण्यात मुलींसाठी हायस्कूल निघावे म्हणून प्रयत्न चालू होते. त्यासाठी भरलेल्या जाहीर सभेत, गव्हर्नरसाहेबांच्या उपस्थितीत, रमाबाईंनी इंग्रजीतून निवेदन वाचून दाखविले. सभेत त्यांचे कौतुक झाले; घरी मात्र कठोर बोल ऐकावे लागले. त्यांनी उलट उत्तर दिले नाही आणि आपले कामही सोडले नाही. त्याच वर्षी ते हायस्कूल सुरू झाले. आज ते हुजूरपागा या नावाने सर्वांना परिचित आहे.

१९०१ साली न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. चाळिशीच्या आतच रमाबाईंना वैधव्य आले. त्या काळी विधवेने घराच्या कोपऱ्यात आयुष्य काढावे, अशीच अपेक्षा असे. भाषण लिहून देणारा, धीर देणारा आधारही आता उरला नव्हता. रमाबाईंनी काही काळ एकांतात घालविला. मग त्या पुन्हा बाहेर पडल्या. येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री-कैद्यांची त्या विचारपूस करू लागल्या. १९०४ साली मुंबईस भरलेल्या भारत महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा झाल्या.

१९०९ साली पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. शिक्षणापासून वंचित राहिलेल्या स्त्रिया, त्यांत अनेक विधवा, तेथे शिकू लागल्या. कित्येकींना परिचारिकेचे शिक्षण मिळाले. १९१० साली रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील कांही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे मुलींच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी आणि स्त्रियांच्या मताधिकारासाठी त्यांनी आवाज उठविला. १९२४ साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

रमाबाईंची भाषणे साधी असत, परंतु ती ऐकणाऱ्याच्या हृदयास भिडत. आम्हाला वाटते, याचे कारण उघड आहे. आपण कसे दिसतो, आपले बोलणे लोकांना आवडेल का, या विचारात गुंतलेला मनुष्य घाबरतो. ज्याच्या मनासमोर शाळेची वाट पाहणारी मुलगी किंवा निराधार भगिनी उभी असते, त्याला आपली भीती विसरावी लागते. रमाबाई सरावाने बोलावयास शिकल्या, हे खरेच. दुसऱ्याने लिहिलेले वाचण्यापासून त्यांनी प्रारंभ केला आणि त्यात कमीपणा मानला नाही. परंतु त्या सरावाला बळ मिळाले ते इतरांविषयीच्या कळवळ्यातून.

आपल्या धर्मग्रामात, संस्थेत किंवा वस्तीच्या सभेत बोलण्याचा प्रसंग आला, तर आपण कसे बोलू याआधी आपण कुणासाठी बोलत आहोत, हे स्वतःला विचारू या. एकदा ते उत्तर सापडले की पहिले वाक्य उच्चारणे तितकेसे कठीण राहत नाही.