फ्लोरीनला वेसण घालणारे म्वासाँ

उसाला तुम्ही सुपर फॉस्फेट टाकता. ते ज्या रॉक फॉस्फेटपासून बनतं, त्या दगडात फ्लोरीन नावाचं मूलद्रव्य असतं. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावला फ्लोराइट हा त्याचा दुसरा दगड सापडतो. चहाच्या पानात ते आहे आणि काही ठिकाणी बोअरच्या पाण्यातही उतरतं. पण एकटं, मोकळं ते राहत नाही. भेटेल त्याला चिकटतं. त्याला प्रथम वेगळं काढलं फ्रान्सच्या आंरी म्वासाँ यांनी.

१८५२ साली पॅरिसमध्ये जन्म. वडील रेल्वेत साध्या नोकरीवर, आई शिवणकाम करायची. विद्यापीठाला लागणारा दाखला न मिळवताच शाळा सुटली. घड्याळजीकडे उमेदवारी केली, मग औषधाच्या दुकानात राबले आणि तिथून रसायनशास्त्राकडे वळले.

फ्लोरीनच्या मागे लागून आधी कित्येकजण पोळले होते. बेल्जियमच्या लुयेत यांचा तर जीव गेला. म्वासाँनाही विषबाधेमुळं काम वारंवार थांबवावं लागलं. पण गडी हटला नाही. २६ जून १८८६ रोजी उणे ५० अंशांपर्यंत थंड केलेल्या आम्लातून वीज सोडून त्यांनी हा वायू मिळवला. उपकरण प्लॅटिनम-इरिडियमचं, बुचं फ्लोराइटच्याच दगडाची. विज्ञान अकादमीची समिती बघायला आली, तर वायूच निघेना! आम्ल फारच शुद्ध झालं होतं. वीज वाहायला लागणारा क्षार त्यात नव्हता. तो घातला आणि प्रयोग पुन्हा साधला. १९०६ ला नोबेल मिळालं; १९०७ च्या फेब्रुवारीत, वयाच्या ५४ व्या वर्षी ते वारले.

आता तुम्ही म्हणाल, आपल्या कोल्हापूरला याचं काय? चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडच्या गावांना विचारा. बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडनं तिथं पोरांच्या दातांवर डाग पडले, मोठ्यांची हाडं-सांधे आखडले. लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत पाणी चांगलं. दुसरी सोयच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्याला ना रंग, ना वास. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं.

आपल्याकडं पंचगंगा, भोगावती आहे, पण नदीपासून लांबच्या वाड्या-वस्त्या बोअरवरच जगतात. तेव्हा सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी मंडळी, नवी बोअर पिण्यासाठी जोडण्याआधी तिचा नमुना प्रयोगशाळेत धाडा आणि फ्लोराइडचा आकडा गावाच्या फलकावर लावा.