पॉल लॉटरबर: बर्गर खाताना सुचलेला एमआरआय

चार्जरच्या वायरवरचं प्लास्टिक निघालं की काय होतं, ते सांगायला नको. मेंदूतल्या तंतूंवरही मायलिन नावाचं चरबीचं आवरण असतं. ते जिथे दाट असतं तो भाग पांढरट दिसतो, म्हणून त्याला श्वेत द्रव्य म्हणतात. काही मुलांमध्ये आनुवंशिक दोषामुळे हे आवरण नीट बनतच नाही किंवा विरत जातं. कवटी न उघडता हे दिसू शकतं, याचं मोठं श्रेय पॉल लॉटरबर यांना जातं.

जन्म १९२९, गाव सिडनी. ऑस्ट्रेलियातलं नाही, अमेरिकेतल्या ओहायोमधलं! माणूस डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्रज्ञ. चुंबकात ठेवलेल्या पदार्थावर रेडिओलहरी सोडल्या की हायड्रोजनचे अणू उत्तर देतात, हे तेव्हा माहीत होतं. पण उत्तर नेमकं कुठून आलं, ते कळत नसे. सप्टेंबर १९७१ मध्ये पिट्सबर्गजवळच्या एका हॉटेलात बर्गर खाताना लॉटरबर यांना युक्ती सुचली: चुंबकाची ताकद एका बाजूला किंचित जास्त ठेवायची. मग प्रत्येक जागेची फ्रिक्वेन्सी वेगळी, म्हणजे जागेचा पत्ताच मिळाला. त्यांनी लगेच वही विकत आणून सगळं लिहून काढलं.

पहिलं चित्र कशाचं? पाण्याच्या दोन बारीक नळ्यांचं. 'नेचर'ने तो लेख आधी चक्क नाकारला, पण लॉटरबर यांनी पिच्छा सोडला नाही आणि १९७३ मध्ये तो छापून आला. तंत्राला त्यांनी ठेवलेलं नाव झ्युग्मॅटोग्राफी, बैलाच्या जुवासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून. बरं झालं, टिकलं नाही! त्यांच्या विद्यापीठाने पेटंटही घेतलं नाही. २००३ मध्ये पीटर मॅन्सफिल्ड यांच्यासोबत नोबेल मिळालं. डावललं गेल्याचा दावा करत रेमंड डमाडियन यांनी वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या. लॉटरबर २००७ मध्ये गेले.

एमआरआय मुख्यतः पाण्यातला हायड्रोजन टिपतो. नवजात बाळाच्या श्वेत द्रव्यात पाणी जास्त असतं. मायलिन चढत जातं तसं ते कमी होतं आणि साधारण दोन वर्षांत चित्र बरंचसं मोठ्यांसारखं दिसू लागतं. एक्स-रे नसल्यामुळे तपासणी पुन्हा पुन्हा करता येते. अॅड्रेनोल्युकोडिस्ट्रॉफी या आजारात तर याच गोष्टीवर सगळं अवलंबून असतं. मेंदूतला बिघाड बहुतेकदा मागच्या भागातून सुरू होतो आणि मुलगा अजून मजेत खेळत असतानाच स्कॅनवर डाग दिसू शकतो. स्टेम सेल प्रत्यारोपणाचा उपयोग याच टप्प्यावर होतो, उशीर झाला की नाही. म्हणून हा दोष असलेल्या मुलग्यांचा लहानपणी दर काही महिन्यांनी एमआरआय काढतात.