अलिगढची हमीदा बानू

कुस्ती म्हटली की आपल्याला कोल्हापूरचं खासबाग मैदान आठवतं, १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव आठवतात. सोसायटीतल्या मुलांना विचाराल तर ती साक्षी मलिकचं नाव घेतील, नाहीतर दंगल सिनेमाचं. पण खाशाबांच्याच काळात एक बाई पुरुष पैलवानांशी भर मैदानात लढत होती, आणि तिचं उतारवय आपल्या कल्याणात गेलं, हे फार थोड्यांना ठाऊक असेल. तिचं नाव हमीदा बानू.

ती मूळची उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरची. बाईमाणसाने आखाड्यात उतरणं तिथे कुणाला पटेना, म्हणून गाव सोडून ती अलिगढला सलाम पैलवान नावाच्या वस्तादाकडे शिकायला गेली. उंची जेमतेम पाच फूट तीन इंच, वजन मात्र १०८ किलो. वर्तमानपत्रं तिच्या कुस्तीपेक्षा तिच्या खुराकाचीच वर्णनं जास्त छापायची. दिवसाला साडेपाच लिटर दूध, जवळजवळ तीन लिटर सूप, किलोभर मटण, एक कोंबडी, अर्धा किलो लोणी, सहा अंडी, बदाम आणि वर दोन प्लेट बिर्याणी! यातलं खरं किती आणि मीठमसाला किती, हे ज्याचं त्याने ठरवावं. रोज सहा तास मेहनत आणि नऊ तास झोप, असंही छापून यायचं. ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

१९४४ साली मुंबईत तिची कुस्ती गुंगा पैलवानाशी लागली होती. वीस हजारांच्या आसपास लोक जमले. ऐनवेळी गुंगाने जादा पैसे आणि तयारीला जादा वेळ मागितला, कुस्ती रद्द झाली आणि चिडलेल्या लोकांनी मैदानाची मोडतोड केली. बाई लढणार म्हणून लोक तिकीट काढून यायचे, ही गोष्ट तेव्हाच सिद्ध झाली होती.

फेब्रुवारी १९५४ मध्ये तिने जाहीर आव्हान दिलं, की जो मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक नामवंत मल्ल हरला, कलकत्त्याचा हरला. मे महिन्यात तिसरी कुस्ती बडोद्याला ठरली. शहरभर ट्रकवर, गाड्यांवर तिची पोस्टरं फिरली. समोर छोटा गामा येणार होता. बाईशी लढणार नाही म्हणून त्याने अंग काढून घेतलं. मग बाबा पैलवान उतरला, आणि १ मिनिट ३४ सेकंदांत त्याची पाठ मातीला लागली. त्याच वर्षी मुंबईत वेरा चिस्तिलिन या रशियन पैलवान बाईला तिने मिनिटभराच्या आत पाडलं.

आता आपल्या मुलखाचं सांगतो, आणि ते फारसं अभिमानाने सांगता येत नाही. कोल्हापूर भागात तिने शोभासिंग पंजाबी नावाच्या पैलवानाला हरवलं, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, दगडफेक केली. पोलिसांना मध्ये पडावं लागलं. ही नुरा कुस्ती आहे, असं लोकांचं म्हणणं. रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती इथल्याच कुस्तीसंघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. पुढे तिच्या कुस्त्यांवर मुंबई राज्यात बंदी आली, तेव्हा तिने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाईंकडे तक्रार केली. उत्तर आलं की ती बाई आहे म्हणून बंदी नाही. भरवणारे लोक तिच्यासमोर नकली मल्ल उभे करतात, अशा तक्रारी आहेत.

तिच्या काही कुस्त्या ठरवून झाल्या असतीलही. तिकिटावर चालणाऱ्या दंगलीत तसं पुरुषांचंही व्हायचं. पण पुरुष जिंकला की तो पठ्ठ्या, आणि बाई जिंकली की नुरा, हा हिशेब मला कधी जुळलेला नाही. आणि नकली मल्ल उभे करणारे ठेकेदार असतील, तर बंदी तिच्या कुस्तीवर कशाला?

१९५४ सालीच तिने युरोपला जाऊन लढण्याची घोषणा केली होती. ते झालं नाही. नात्यातल्या आणि शेजारच्या माणसांनी पुढे सांगितलं, की सलाम पैलवानाला तिचं परदेशी जाणं मान्य नव्हतं, आणि तिला अडवण्यासाठी त्याने तिला इतकं मारलं की हात मोडला, पायांनाही जबर इजा झाली. बरीच वर्षं ती काठी टेकत चालायची, म्हणतात. पुरुष पैलवानांना जी दाद देत नव्हती, तिचा घात आखाड्याबाहेर, घरातल्या माणसाकडून झाला. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

त्या दोघांचा कल्याणात दुधाचा धंदा होता. सलाम अलिगढला परतला, ती कल्याणातच राहिली. पैलवानकीला ना प्रॉव्हिडंट फंड, ना ग्रॅच्युइटी, ना पेन्शन. आम्हा बँकवाल्यांना याची किंमत चांगली कळते. तिने म्हशी सांभाळल्या, दूध विकलं, काही खोल्या भाड्याने दिल्या. ते पुरेनासं झालं, तेव्हा घरी केलेले खाण्याचे पदार्थ रस्त्याच्या कडेला बसून विकले. १९८६ साली ती गेली.