ज्याच्या लेन्समुळे माणसांचे फोटो काढणं सोपं झालं, त्या गणितज्ञाच्या हातात पडले फक्त २००० गुल्डन

मोबाईलचा पोर्ट्रेट मोड ऑन केला की चेहरा ठसठशीत येतो आणि मागची गर्दी धूसर होते. लग्नाचे फोटो काढणारे फोटोग्राफर हेच काम ८५ एमएमच्या लेन्सने करतात. लेन्स घ्यायला गेलं की दुकानदार पहिला प्रश्न विचारतो तो अपर्चरचा. एफ १.८ पाहिजे का एफ ४ चालेल?

या प्रश्नाची सुरुवात शोधत मागे गेलं, तर गाडी थेट १८४० च्या व्हिएन्नात जाऊन थांबते. तिथे एक गणिताचा प्रोफेसर होता. त्याचं नाव जोझेफ पेट्झवाल.

आज जगभरातल्या ऑप्टिक्सच्या पुस्तकांत त्याचं नाव आहे, चंद्रावरच्या एका विवराला त्याचं नाव दिलंय. पण हयातीत त्याच्या वाट्याला आलं ते भांडण, कोर्टकचेरी आणि एकटेपणा.

पेट्झवालचा जन्म ६ जानेवारी १८०७ चा. गाव स्पिशस्का बेला. तेव्हा ते हंगेरीच्या राज्यात होतं, आज स्लोव्हाकियात आहे. वडील शाळामास्तर. असं सांगतात की लहानपणी हा मुलगा गणितात इतका कच्चा होता, की घरच्यांनी त्याला चांभाराच्या हाताखाली शिकायला पाठवायचं जवळपास नक्की केलं होतं. त्याच सुट्टीत त्याच्या हाती गणिताचं एक पुस्तक लागलं आणि चित्र पालटलं. ही गोष्ट कितपत खरी ते सोडा, पण पुढे तो पेस्टमध्ये इंजिनिअर झाला हे मात्र पक्कं.

पेस्ट म्हणजे आजच्या बुडापेस्टचा अर्धा भाग. डॅन्यूब नदीच्या काठचं हे शहर पुराला कायम घाबरून असायचं. पेट्झवालने तिथे शहराचा इंजिनिअर म्हणून काम केलं, त्यात पुरापासून बचावाचं कामही होतं. सोबत शिकवणं चालू होतंच. १८३५ मध्ये तो पेस्टच्या विद्यापीठात प्रोफेसर झाला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत व्हिएन्ना विद्यापीठाने त्याला गणिताच्या अध्यासनावर बोलावून घेतलं.

इथपर्यंत कॅमेऱ्याचा आणि त्याचा काहीच संबंध नव्हता.

तर झालं असं की १८३९ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसमध्ये दागेरने फोटो काढायची आपली पद्धत जगासमोर मांडली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर हुबेहूब चित्र उमटायचं. सगळं युरोप वेडं झालं. व्हिएन्नातला एक प्रोफेसर, आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन, तेव्हा पॅरिसमध्ये होता. परत आल्यावर त्याने ही सगळी हकीकत पेट्झवालला सांगितली आणि त्यातली मुख्य अडचणही सांगितली.

अडचण होती वेळेची.

दागेरच्या कॅमेऱ्याला शार्ल शेव्हालिये याने बनवलेली लेन्स होती. चित्र स्पष्ट यावं म्हणून तिच्यासमोर बारीक भोकाची चकती लावावी लागायची, त्यामुळे आत उजेड फारच थोडा जायचा. आजच्या हिशेबाने ते अपर्चर एफ १६ च्या आसपास होतं. फोटोला कित्येक मिनिटं लागायची. इमारती, पुतळे, रस्ते यांचे फोटो छान निघायचे. पण माणूस भर उन्हात इतका वेळ डोळे न हलवता बसणार कसा?

म्हणजे फोटोग्राफीचा शोध लागला होता, पण माणसाचा फोटो काढणं म्हणजे शिक्षाच होती.

इथे एफ नंबरचा हिशेब समजून घेऊ. लेन्सची फोकल लेंग्थ भागिले उजेड आत येतो त्या भोकाचा व्यास, म्हणजे एफ नंबर. नंबर जितका लहान तितका उजेड जास्त. आणि उजेड वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे नंबर निम्मा केला की उजेड चौपट होतो. म्हणून तर एफ १.८ ची लेन्स एफ ४ पेक्षा महाग असते.

पण भोक नुसतं मोठं करून भागत नाही. भोक मोठं केलं की लेन्सचे दोष उघडे पडतात. कडेने येणारे किरण एक ठिकाणी जुळतात, मधले दुसऱ्या ठिकाणी. लाल रंग एकीकडे, निळा दुसरीकडे. चित्र पुसट होतं. तोवरचे कारागीर काच घासायचे, लावून बघायचे, नाही जमलं की पुन्हा घासायचे. सगळं अनुभवाच्या अंदाजावर चालायचं.

पेट्झवालने ठरवलं की काचेला हात लावायच्या आधी गणित करायचं.

उजेडाचा एकेक किरण प्रत्येक काचेतून कसा वळेल याचा हिशेब त्याने मांडला. तेव्हा कॅल्क्युलेटरही नव्हता. आकडेमोड इतकी प्रचंड होती की एकट्याच्याने होणं शक्य नव्हतं. तेव्हा ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातला एक आर्चड्यूक त्याच्या मदतीला आला आणि त्याने तोफखान्यातले काही सैनिक पेट्झवालच्या हाताखाली दिले. तोफेचा गोळा कुठे पडेल याचा हिशेब करणारे हे लोक आकडेमोडीत तरबेज होते. माणसांचं असं कॉम्प्युटर तयार झालं आणि साधारण सहा महिन्यांत डिझाईन कागदावर उतरलं.

१८४० मध्ये व्हिएन्नातल्या फोग्टलेंडर या जुन्या कंपनीने ती लेन्स बनवली. कंपनी १७५६ पासूनची, तेव्हा तिचा कारभार पीटर विल्हेल्म फ्रीडरिश फोग्टलेंडर बघत होता.

लेन्समध्ये एकूण चार काचा होत्या. पुढच्या दोन एकमेकींना चिकटवलेल्या, मागच्या दोघींमध्ये थोडी हवेची फट. फोकल लेंग्थ १५० मिलीमीटरच्या आसपास आणि अपर्चर एफ ३.६. म्हणजे जुन्या लेन्सपेक्षा १५ ते २० पट जास्त उजेड! मिनिटांचं काम एका मिनिटाच्या आत आलं. पत्र्यावर लावायची रसायनं सुधारत गेली तसा हा वेळ आणखी कमी झाला.

१८४१ मध्ये फोग्टलेंडरने याच लेन्सचा पितळी कॅमेरा बाजारात आणला. तो दिसायला छोट्या दुर्बिणीसारखा होता आणि त्यात गोल फोटो निघायचा. पॅरिसच्या एका स्पर्धेत परीक्षकांनी प्लॅटिनमचं पदक शेव्हालियेच्या नव्या लेन्सला दिलं आणि फोग्टलेंडरला रौप्यपदकावर समाधान मानावं लागलं. पण स्टुडिओवाल्यांनी आपला निकाल वेगळा दिला. युरोप-अमेरिकेतल्या स्टुडिओंमध्ये पेट्झवालची लेन्स दिसू लागली. फ्रान्स, इंग्लंड आणि अमेरिकेतल्या कारागिरांनी तिच्या नकला करायला सुरुवात केली.

या सगळ्यात पेट्झवालला काय मिळालं? एकरकमी २००० गुल्डन. बस्स.

त्याने स्वतःच्या नावावर पेटंट घेतलं नव्हतं. लेन्स हजारोंनी विकली जात होती आणि ज्याने तिचं गणित मांडलं त्याला पुढे त्यातला पैसाही मिळत नव्हता. दुसऱ्या बाजूने बघितलं तर फोग्टलेंडरने ठरलेले पैसे दिले होते आणि कागदावरचा आकडा काचेत उतरवण्याचं कसब त्याच्याच कारखान्याचं होतं. पण १८४५ पर्यंत दोघांचं नातं तुटलं. १८४९ मध्ये फोग्टलेंडरने जर्मनीत ब्राउनश्वाइग इथे कारखाना उघडला आणि लेन्स तिथेही बनू लागली.

पेट्झवाल आता इरेला पेटला. व्हिएन्नाजवळच्या काहलेनबर्ग टेकडीवरच्या एका रिकाम्या मठात तो राहत होता. तिथे त्याने काच घासायची स्वतःची कार्यशाळा थाटली. १८५० च्या दशकात दीट्झलर नावाच्या कारागिराला हाताशी धरून त्याने निसर्गदृश्यांसाठीची लेन्स बाजारात आणली. तिचं मूळ गणितही त्याने १८४० मध्येच करून ठेवलं होतं. झालं, फोग्टलेंडरनेही त्याच प्रकारची लेन्स वेगळ्या नावाने काढली. भांडण पुन्हा पेटलं आणि कोर्टापर्यंत गेलं.

पेट्झवालचा स्वभावही सोपा नव्हता. काळ्या अरबी घोड्यावर बसून तो लेक्चरला यायचा असं सांगतात. एकदा वादाला उभा राहिला की माघार नाही. १८५२ मध्ये त्याने डॉप्लरच्या सिद्धांतावर जाहीर हल्ला चढवला. जवळ येणाऱ्या गाडीचा हॉर्न चढा आणि लांब जाणाऱ्या गाडीचा उतरता का ऐकू येतो, ते सांगणारा हा सिद्धांत. इथे पेट्झवाल सपशेल चुकला होता. डॉप्लर बरोबर होता हे नंतर सगळ्या जगाने मान्य केलं.

पण सगळ्यात मोठा घाव अजून बसायचा होता.

लेन्सच्या शास्त्रावर मोठा ग्रंथ लिहायचा त्याचा बेत होता. १८४३ मध्ये त्याने एक छोटा अहवाल तेवढा छापला, बाकी सगळं हस्तलिखितात होतं. १८५९ च्या सुमारास त्याच्या घरात चोर शिरले आणि या कागदपत्रांचा नाश झाला. वीस वर्षांची मेहनत गेली. त्यानंतर त्याने लेन्सचा नाद जवळजवळ सोडला आणि ध्वनिशास्त्राकडे वळला. लेन्सच्या दोषांचं पद्धतशीर गणित १८५० च्या दशकात म्युनिकच्या लुडविग झायडेलने छापलं आणि आज ते पाच दोष झायडेलच्या नावाने ओळखले जातात.

पेट्झवालच्या नावावर एक गोष्ट मात्र कायमची राहिली, ती म्हणजे पेट्झवाल वक्रता.

ती समजायला सोपी आहे. साधी लेन्स चित्र सपाट पडद्यावर पाडतच नाही, ती ते वाटीसारख्या वळलेल्या पृष्ठभागावर पाडते. पत्रा मात्र सपाट, आजचा सेन्सरही सपाट. त्यामुळे मध्यभाग स्पष्ट आणि कडा पुसट. ही वाटी किती खोल असेल ते काचांच्या वळणावर आणि काचेच्या जातीवर ठरतं, दोन काचांमधलं अंतर बदलून ती सपाट होत नाही, हे पेट्झवालने दाखवून दिलं. त्या काळी मिळणाऱ्या काचांनी यावर पूर्ण इलाज होणं अवघड होतं. पण पोर्ट्रेटमध्ये चेहरा मधोमध असतो, कडा पुसट झाल्या तरी बिघडत नाही. म्हणून त्याची लेन्स चालली.

तुमच्या लेन्सचे कोपरे पुसट येत असतील तर हाच धडा कामाला येतो. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून सपाट भिंतीचा फोटो काढा, मग कोपऱ्यावर फोकस करून दुसरा काढा. कोपरे सुधारले आणि मध्य बिघडला, तर ती वक्रता आहे. अपर्चर एफ ८ ला नेलं की बराच फरक पडतो. पण एकच बाजू पुसट येत असेल आणि फोकस बदलूनही सुधारत नसेल, तर आतली काच सरकलेली असू शकते. मग लेन्स दुरुस्तीवाल्याकडे न्या, घरी उघडू नका. पेट्झवालच्या जुन्या लेन्सा आजही अनेकदा पुसट निघतात, कारण कुणीतरी साफ करायला मागच्या दोन काचा काढलेल्या असतात आणि परत बसवताना एखादी उलटी बसवलेली असते. काच शाबूत असते, फक्त क्रम चुकलेला असतो.

आणि पावसाळ्यात लेन्स कपाटातल्या चामडी पाकिटात कोंडू नका. दमट हवेत काचेवर बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि लेन्स अधूनमधून वापरत राहा. पुसताना आधी ब्लोअरने धूळ उडवा, मगच मऊ कापड लावा.

पेट्झवालने १८६९ मध्ये लग्न केलं, पण चारच वर्षांत बायको गेली. १८७७ मध्ये तो निवृत्त झाला आणि लोकांपासून जवळपास तुटला. इकडे जर्मनीतल्या येना शहरात आबे आणि शॉट यांनी नव्या जातीची काच तयार केली. तिच्या जोरावर १८९० मध्ये झाइस कंपनीच्या पाउल रुडोल्फने कडांपर्यंत स्पष्ट चित्र देणारी लेन्स बनवली. पेट्झवालने गणितात दाखवलेली भिंत अखेर काचेने ओलांडली. त्यानंतर वर्षभराने, १७ सप्टेंबर १८९१ ला, व्हिएन्नात पेट्झवाल वारला.

त्याची लेन्स मात्र मेली नाही. स्टुडिओतून ती बाहेर पडली तरी मॅजिक लँटर्न आणि पुढे सिनेमाच्या प्रोजेक्टरमध्ये याच रचनेच्या लेन्सा वर्षानुवर्षं चालल्या. २०१३ मध्ये लोमोग्राफी कंपनीने डिजिटल कॅमेऱ्यांना बसणारी पितळी पेट्झवाल लेन्स काढण्यासाठी इंटरनेटवरून वर्गणी मागितली, तेव्हा लोकांनी लाखो डॉलर्स ओतले.

लोकांना त्यात काय आवडलं? चेहऱ्यामागची पानं भोवऱ्यासारखी गरगरताना दिसतात, ते. म्हणजे कडांचा तोच दोष, जो पेट्झवालला काढता आला नव्हता. आज लोक मुद्दाम पैसे मोजून तो विकत घेतात.