पुलांचा चित्रकार हिरोशिगे

जपानांतील ज्या शहरास आज टोकियो म्हणतात, त्याचें पूर्वींचें नांव एडो असें होतें. तेथें इ. स. १७९७ सालीं प्रसिद्ध चित्रकार हिरोशिगे याचा जन्म झाला. त्याचे वडील शोगुनच्या किल्ल्याचें आगीपासून रक्षण करणाऱ्या पथकांत अधिकारी होते. १८०९ सालीं आई व वडील दोघांचेंही छत्र हरपलें, आणि वडिलांचें काम बारा वर्षांच्या त्या पोरक्या मुलाच्या शिरावर येऊन पडलें.

त्याचा ओढा चित्रकलेकडे होता; परंतु अंगावर आलेलें काम त्यानें टाकलें नाहीं. तें संभाळून तो उतागावा तोयोहिरो या गुरूपाशीं शिकूं लागला. १८१२ सालीं त्यास हिरोशिगे हें नांव मिळालें. मात्र खरी कीर्ति मिळण्यास पुढें वीस वर्षें लागलीं. एडोपासून क्योतोपर्यंत जाणाऱ्या तोकाइदो या राजमार्गावर ५३ मुक्काम होते. त्या मार्गाची ५५ चित्रांची माला १८३३ च्या सुमारास निघूं लागली, आणि त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें. चित्रें ठशांनीं छापलेलीं असल्यामुळें सामान्य माणसासही तीं विकत घेतां येत. पहिलेंच चित्र निहोनबाशी पुलाचें आहे. पहाटे एका सरदाराची स्वारी पूल ओलांडून येत आहे, आणि अलीकडे मासळी विकणारे आपलीं ओझीं घेऊन निघाले आहेत.

१८५५ सालीं भूकंपानें एडोची मोठी हानि झाली. दुसऱ्याच वर्षीं, साठीस टेकलेल्या हिरोशिगेनें आपल्या शहरांतील प्रसिद्ध स्थळांची माला आरंभिली. तींतील १८५७ सालचें शिन-ओहाशी पुलाचें चित्र जगप्रसिद्ध आहे. सुमिदा नदीवरील लांकडी पूल, एकाएकीं कोसळलेली सर, अंग चोरून लगबगीनें जाणारे वाटसरू, आणि खालीं पाण्यांत एकटाच तराफा हांकणारा माणूस! पावसाची एकेक बारीक रेघ कारागिरानें लांकडी ठशावर कोरून काढिली आहे. रंगांसाठीं ठसे निराळे.

१८५८ सालीं, एडोंत पटकीची सांथ चालू असतां, हिरोशिगे मरण पावला. पुढें १८८७ सालीं व्हिन्सेंट व्हॅन गॉग या डच चित्रकारानें पॅरिस येथें त्या पावसाच्या चित्राची तैलरंगांत नक्कल केली. हिरोशिगेनें पाहिलेले ते लांकडी पूल आतां राहिले नाहींत. निहोनबाशी येथें १९११ सालीं बांधलेला दगडी पूल आहे. परंतु त्या पुलांवरून भिजत गेलेलीं साधीं माणसें त्याच्या चित्रांत अद्याप चालत आहेत. बालपणीं पडलेलें ओझें न कुरकुरतां वाहून ज्यानें आपली आवड जिवंत ठेविली, त्याचा हा ठेवा आहे, हें आपण ध्यानांत धरावें.