रविवार मिळवून देणारा माणूस : नारायण मेघाजी लोखंडे

रविवारी महाविद्यालयाला सुटी असते. ही सुटी कोणी दिली, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही. मलाही पडला नव्हता. गेल्या वर्षी समाजसुधारकांवरील तासाला आमच्या सरांनी नारायण मेघाजी लोखंडे हे नाव फळ्यावर लिहिले आणि गिरणी कामगारांच्या पाच मागण्या सांगितल्या. त्या वहीत उतरवून घेत असताना पाचव्या मागणीपाशी माझी लेखणी थांबली. ती का थांबली ते शेवटी सांगेन. आधी त्या थोर पुरुषाचे चरित्र सांगतो.

नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यास झाला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे, जातीने फुलमाळी. घरची परिस्थिती बेताचीच होती. ठाण्यात मॅट्रिकपर्यंत शिक्षण झाल्यावर त्यांनी रेल्वेच्या टपाल खात्यात नोकरी धरली आणि पुढे मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत ते भांडारपाल झाले. त्या काळी बहुजन समाजातील मॅट्रिक झालेल्या तरुणाला अशी नोकरी म्हणजे मोठीच गोष्ट होती. खाली मान घालून ते आयुष्यभर ती करू शकले असते. पण भांडारात बसून त्यांना जे दिसले, ते त्यांना स्वस्थ बसू देईना.

काय दिसले असेल त्यांना? तेव्हा गिरण्यांत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की यंत्र सुरू, मावळला की बंद. त्यामुळे उन्हाळ्यात कामाचा दिवस आणखी लांबायचा. आठवड्याची सुटी नाही. दुपारी जेवणासाठी यंत्र थांबत नसे. महिन्याचा पगार हातात कधी पडेल याचा नेम नाही. आणि यंत्रात हात सापडला तर कामही गेले आणि पगारही गेला. घाटावरून आणि कोकणातून पोटासाठी आलेली ही माणसे दाद मागणार तरी कोणाकडे?

कायदा नव्हता असे नाही. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी कारखान्यांच्या कायद्यासाठी बरीच खटपट केली होती आणि १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झालाही. पण तो मुख्यतः मुलांपुरता होता. सात वर्षांखालील मुलाला कामावर घ्यायचे नाही, सात ते बारा वयाच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही, एवढीच त्याची धाव. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या कामाच्या तासांविषयी त्यात काहीच नव्हते.

नारायणरावांची जडणघडण महात्मा फुले यांच्या सत्यशोधक चळवळीत झाली होती. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यास काढलेले 'दीनबंधु' हे पत्र लोखंडे यांनी १८८० पासून मुंबईत आपल्या खांद्यावर घेतले. शेतकरी आणि कामगार यांची दुःखे मांडणारे ते पत्र होते. गुरु-शिष्यांत सदा गोडीच होती असे मात्र समजू नये. जोतीरावांच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथाची पहिली दोन प्रकरणे 'दीनबंधु'त छापून आली, पुढची आली नाहीत. जोतीराव रागावले आणि तो राग त्यांनी लपवला नाही. हे मी मुद्दाम सांगतो, कारण चरित्रनायकाला देव करून ठेवले की त्याच्या वाटेने जाणे आपल्याला शक्यच वाटत नाही. लोखंडे जपून पावले टाकणारे होते. पण पुढे टाकलेले पाऊल त्यांनी मागे घेतले नाही.

१८८४ मध्ये गिरण्यांची स्थिती पाहण्यासाठी मुंबई सरकारने एक आयोग नेमला. ही संधी त्यांनी अचूक हेरली. त्या सप्टेंबरात त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. बहुतेकांना अक्षरओळख नसलेल्या लोकांकडून एवढ्या सह्या मिळवायच्या म्हणजे किती चाळी आणि किती जिने पालथे घालावे लागले असतील!

त्या अर्जात पाच मागण्या होत्या. पहिली, दर रविवारी सुटी मिळावी. दुसरी, दुपारी अर्धा तास विश्रांती असावी. तिसरी, गिरणी सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला बंद व्हावी. चौथी, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत मिळावा. आणि पाचवी, कामावर जखमी झालेल्या कामगाराला तो बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा व जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी.

मित्रहो, ही पाचवी मागणी पुन्हा एकदा वाचा. आज आपण ज्याला नुकसानभरपाई, विमा, निवृत्तिवेतन म्हणतो, त्या साऱ्याचे बीज तिच्यात आहे. माणसाचे अंग थकले किंवा मोडले तरी त्याची भूक थांबत नाही. ज्याच्यासाठी ते अंग झिजले, त्याच्यावर त्या भुकेची काही जबाबदारी आहे, हा विचार एका भांडारपालाने १८८४ साली अर्जात लिहून सरकारपुढे ठेवला!

ताबडतोब काही घडले नाही. पण लोखंडे थांबले नाहीत. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, ही गोष्ट तर सोन्याच्या अक्षरांनी लिहून ठेवावी. रविवार हा आपल्या खंडोबाचा वार, तेव्हा ही मागणी साऱ्यांच्या मनाला चटकन भिडणारी होती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी आयोगाच्या मुंबईतील कामात कामगारांच्या वतीने लोखंडे यांना घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी आणि दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली. स्त्रियांना अकरा तासांपेक्षा जास्त काम देण्यास बंदी झाली.

पाचांपैकी दोन मागण्यांवर कायद्याची मोहोर उमटली. बाकीच्यांचे काय झाले? अपघाताच्या भरपाईचा कायदा झाला १९२३ मध्ये, म्हणजे अर्जानंतर ३९ वर्षांनी. पगार ठरल्या मुदतीत देण्याचा कायदा झाला १९३६ मध्ये, म्हणजे ५२ वर्षांनी. भविष्य निर्वाह निधीचा कायदा तर स्वातंत्र्यानंतर, १९५२ मध्ये आला. ज्यांनी सह्या केल्या, त्यांच्यापैकी किती जण ते दिवस पाहायला राहिले असतील?

लोखंडे यांच्या 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन'ला हिंदुस्थानातील पहिली कामगार संघटना म्हणतात. पण खरे सांगायचे तर तिला सभासदांची नोंदवही नव्हती, वर्गणी नव्हती, निधीही नव्हता. लोखंडे हेच त्या संघटनेचे कार्यालय होते. आजारी सभासदाला मदत किंवा मृताच्या घरी चार पैसे पोहोचवणे, यासाठी लागणारी गंगाजळी तिच्याजवळ नव्हती. त्यासाठी वर्गणी आणि पावतीपुस्तक लागते, कायद्याचे पाठबळ लागते. कामगार संघटनांचा कायदा पुढे १९२६ मध्ये झाला. एका माणसाच्या तळमळीवर चळवळ उभी राहते, पण ती टिकायची तर हिशेबाची वही लागते, हा धडा मला या चरित्रातून मिळाला.

त्यांचे काम गिरणीच्या फाटकापाशी संपत नव्हते. विधवांच्या केशवपनाविरुद्ध त्यांनी नाभिक बांधवांना संघटित केले. १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा दंगा पेटला, तेव्हा सलोख्यासाठी ते वस्त्यांतून फिरले. सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि त्याचा पहिला रोगी सापडला तो मांडवीतच. ज्यांना शक्य होते ते शहर सोडून गेले. लोखंडे राहिले. त्यांनी रुग्णांसाठी रुग्णालय उभारले, शुश्रूषा केली आणि त्याच रोगाने ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा बळी घेतला. वय अवघे अठ्ठेचाळीस. पुढच्याच महिन्यात पुण्यास सावित्रीबाई फुले याच रोगाच्या रुग्णांची सेवा करताना गेल्या. लोखंडे यांच्या नावाचे टपाल तिकीट निघायला २००५ साल उजाडावे लागले.

आता माझी लेखणी का थांबली ते सांगतो. माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. दसरा-दिवाळीनंतर आमच्या बीड जिल्ह्यातील किती गावे ओस पडतात, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. दोन वर्षांपूर्वी फडात कोयत्याने वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. औषधपाणी उचलीच्या खात्यावर मांडले गेले. काम बुडाले त्या दिवसांचे खाडे धरले गेले. हंगाम संपला तेव्हा आमच्याकडेच फिरले होते. कारखान्याच्या दप्तरी वडिलांचे नाव कधी नव्हतेच. नाव होते ते मुकादमाचे.

लोखंडे यांच्या पाच मागण्या मी एकेक करून आमच्या कोपीला लावून पाहिल्या. पट्टा पडेपर्यंत रविवार नाही. गाडी भरेपर्यंत विश्रांती नाही. रात्री-अपरात्री गाडी आली की उठावे लागते, सूर्यास्ताचा काही संबंध नाही. चौथ्या मागणीचे तर उलटेच आहे. गिरणी कामगाराला पगार उशिरा मिळे, म्हणून तो अडे. आम्हाला पैसा उचल म्हणून आधी मिळतो, आणि आम्ही त्यातच अडकतो! पाचवी मागणी आमच्या घरात वडिलांच्या डाव्या हातावर लिहिलेली आहे.

पण हे निराशेने लिहीत नाही. रोज वेगवेगळ्या मालकांची पोती वाहणाऱ्या हमालांना कोण निधी आणि उपदान देणार, असे एकेकाळी म्हटले जात असे. अण्णासाहेब पाटील यांच्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा झाला. मालकाने मंडळाकडे मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही भरायची आणि मंडळाने कामगाराच्या नावावर हिशेब ठेवायचा, अशी वाट निघाली. ऊसतोड कामगारांसाठीही २०१९ मध्ये गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले. त्याच्या निधीसाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरले. म्हणजे वाट नाही असे नाही. प्रत्येक कोयत्यामागच्या माणसाचे, आणि बाईचेही, नाव वहीत लागले पाहिजे, एवढाच प्रश्न आहे.

माझ्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मीच पहिला. लोखंडे मॅट्रिक होते आणि त्यांनी साडेपाच हजार सह्या गोळा केल्या. या दिवाळीच्या सुटीत, टोळ्या निघण्यापूर्वी, मी एक शंभर पानी वही घेऊन आमच्या तांड्या-वस्त्यांवर फिरलो. नाव, वय, किती हंगाम केले, कुठे दुखापत झाली, एवढेच लिहून घेतले. सध्या एकसष्ट नावे झाली आहेत. पहिले नाव वडिलांचे आहे. सही त्यांनी उजव्या हाताने केली.